युनियनमध्ये नवे सभासद आले की जुन्या छोट्या देशाचं काय होतं, ते घरबसल्या कसं काढायचं

भाचा शिवाजी विद्यापीठात एम.ए. करतोय, इकॉनॉमिक्स घेऊन. परवा रात्री दहाला त्याचा फोन, मामा असाइनमेंट आहे, आर्थिक संघाचा विस्तार झाला की आधीपासून आत असलेल्या छोट्या देशावर काय परिणाम होतो. म्हटलं काय लिहिलंयस ते आधी वाच. तर फायदे पाच, तोटे पाच आणि शेवटाला 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'. म्हटलं हे फाड आणि उद्या संध्याकाळी डेअरीत ये, दूध घालून माणसं गेली की बसून बोलू.

आता मी कोण सांगणारा, तर करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. एकवीस वर्षं फॅट, एसएनएफ, दहा दिवसाचं बिल आणि दिवाळीचा फरक यातच गेली. पण आमच्यावर ही पाळी येऊन गेलीय म्हणून या विषयात मला रस. आमची संस्था लहान, आणि ज्या संघाला दूध घालतो (नाव कशाला) त्यानं काही वर्षांपूर्वी एका दमात बऱ्याच नव्या संस्था सभासद करून घेतल्या. ठराव सभेत आला, आमच्या चेअरमननी हात वर केला, मी टाळ्या वाजवल्या, चहा-पेढा घेऊन घरी आलो. दोन महिन्यांनी टँकरचा रूट बदलला, आमचं गाव पार शेवटाला गेलं, सकाळचं दूध कॅनात दीड तास थांबायला लागलं आणि त्या उन्हाळ्यात दोनदा नासलं. विचारायला गेलो तर तिथला साहेब म्हणतोय, सभेत का बोलला नाही. बरोबरच होतं की त्याचं, राग येतो तो त्यामुळंच. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटाकडं परत लागणार आहे.

तर भाच्याला जे शिकवलं तेच इथं टाकतोय. परीक्षेला लागेल, असाइनमेंटला लागेल, नाहीतर नुसतं पेपर वाचताना लागेल.

सगळ्यात आधी देश एक धरा आणि तारीख एक धरा. 'युरोपियन युनियनचा विस्तार' असं मोघम धरलं की उत्तरही मोघमच येतं. ही युनियन १९५८ ला सहा देशांची होती. १९७३ ला ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आले, १९८१ ला ग्रीस, १९८६ ला स्पेन आणि पोर्तुगाल, १९९५ ला ऑस्ट्रिया, फिनलंड, स्वीडन. मग १ मे २००४ ला एकदम दहा, पोलंड, हंगेरी, चेक, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, तिन्ही बाल्टिक, वर माल्टा आणि सायप्रस. २००७ ला बल्गेरिया, रोमानिया, २०१३ ला क्रोएशिया. २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, आता सत्तावीस. यातली २००४ ची तारीख धरली तर माल भरपूर मिळतो म्हणून मी तीच सुचवतो.

आणि 'छोटा' म्हणजे काय तेही आधीच ठरवून टाका. लक्झेंबर्ग लोकसंख्येनं आपल्या कोल्हापूर शहरापेक्षा थोडं मोठं, पण माणशी उत्पन्नात सगळ्यांच्या वर. पोर्तुगालची लोकसंख्या कोटभर, पण तो सरासरीच्या खाली. आयर्लंड तर आपल्या जिल्ह्याएवढा, म्हणजे २००२ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ३९ लाख १७ हजार आणि २०११ च्या आपल्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो जरा सरळ बसला. म्हणून कागदावर देशाच्या नावापुढं दोन आकडे लिहा, लोकसंख्या किती आणि माणशी उत्पन्न संघाच्या सरासरीच्या किती टक्के. पुढचा सगळा खेळ दुसऱ्या आकड्यावर आहे, पहिल्यावर नाही, आणि निम्मी पोरं इथंच चुकतात.

त्याच्यानंतरचा प्रश्न, नवा आलेला गडी आपल्यासारखा आहे की वेगळा? शाहू मार्केट यार्डात कर्नाटकातला गूळ येतो तेव्हा काय होतं ते आपल्याला माहितीय. आपल्या गुऱ्हाळवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण समोरचा तोच माल कमी दरात आणतोय. पण अडत्याला, हमालाला, ट्रकवाल्याला काय, गुळाचा रवा (ढेप) कुठला का असेना, आवक वाढली की त्यांचं काम वाढलं. देशाचंही असंच असतंय. पोर्तुगाल म्हणजे गुऱ्हाळवाला. कमी पगारात बऱ्यापैकी माल बनवून देतो हे त्याचं भांडवल होतं, कापड, चपला-बूट, गाड्यांचे पार्ट. २००४ ला पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी तेच घेऊन आले, पगार आणखी कमी आणि वर जर्मनीच्या शेजारी. ऑस्ट्रिया म्हणजे अडत्या. त्याची सीमा चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया अशा चौघांना लागते, व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा म्हणजे कोल्हापूर-सांगलीपेक्षा थोडं लांब. व्हिएन्नाच्या बँका तिकडं पसरल्या, त्यातली रायफायझन तर सहकारातनं आलेली. त्या रायफायझनच्या पतसंस्थांचा नमुना बघूनच आपल्याकडं १९०४ चा सहकार कायदा झाला, म्हणजे लांबचे पाहुणेच म्हणायचे.

म्हणून एक यादी करा, आपला देश काय विकतो आणि नवे काय विकतात. माल तोच असेल तर ताप आहे, वेगळा असेल तर गिऱ्हाईक वाढलं. आणि पूर्ण देशाला एकच शिक्का मारू नका, देशाच्या आत अडत्या कोण आणि गुऱ्हाळवाला कोण ते वेगळं लिहा. एवढं लिहिलं तरी तुमचा पेपर बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो.

आता सरासरी. हे समजलं नाही तर पुढं वाचण्यात अर्थ नाही आणि हे समजवायला डेअरीसारखी जागा नाही. म्हशीच्या दुधात गाईचं दूध ओतलं की मिक्सचं फॅट उतरतं. तुमच्या म्हशीचं फॅट होतं तेवढंच आहे, तिला ना पेंड जास्त घातली ना सरकी, पण मिक्सशी तुलना केली की तीच म्हैस आता भारी दिसायला लागली. यात वाईट काय? वाईट तेव्हा, जेव्हा मदत फक्त कमी फॅटवाल्याला मिळत असते.

युरोपियन युनियनमध्ये मागास भागांना विकासनिधी मिळतो, आणि त्यातला मोठा वाटा कुणाला द्यायचा याची रेष म्हणजे संघाच्या माणशी सरासरीच्या ७५ टक्के. खाली असाल तर आत, वर गेलात तर बाहेर. आता हिशोब करा. समजा आठ गावांचा संघ, सगळी सारख्याच लोकसंख्येची, सरासरी उत्पन्न १००, आणि त्यात आपलं गाव ७२ वर. ७२ म्हणजे ७५ च्या खाली, मदत चालू. आता ५० उत्पन्नाची दोन गावं आली. एकूण झालं ८०० अधिक १०० म्हणजे ९००, भागिले १०, नवी सरासरी ९०. आपलं गाव अजून ७२ वरच आहे, एक रुपया वाढला नाही, पण ९० च्या तुलनेत ७२ म्हणजे ८० टक्के. गेलात रेषेच्या वर, मदत बंद. गावात कुणाच्या घरावर एक कौल नवीन चढलं नाही आणि कागदावर गाव श्रीमंत.

हे गंमत म्हणून सांगत नाही, असं झालंय. २००४ ला संघाची लोकसंख्या साधारण २० टक्क्यांनी वाढली आणि एकूण जीडीपी जेमतेम ५ टक्क्यांनी. १.०५ ला १.२० नं भागा, ०.८७५ येतं, म्हणजे सरासरी आठवा हिस्सा खाली आली (हे ढोबळ, खरी तुलना करताना तिथली स्वस्ताई-महागाई धरतात, तेव्हा फरक थोडा कमी दिसतो). पोर्तुगालचा दक्षिणेचा अल्गार्व्ह भाग, स्पेनमधलं अस्तुरियास, मुर्सिया, ग्रीसमधला मध्य मॅसेडोनिया, हे सगळे जुन्या पंधरांच्या सरासरीनं ७५ च्या खाली आणि नव्या पंचवीसच्या सरासरीनं वर. असे एकूण १६ प्रदेश निघाले. त्यांच्या भाषेत याला 'सांख्यिकी परिणाम' म्हणतात, म्हणजे आकड्यांच्या फेऱ्यात सापडलेले. ओरड झाली म्हणून त्यांना २००७ ते २०१३ हप्त्याहप्त्यानं उतरत जाणारी मदत दिली, एकदम नळ बंद केला नाही.

इथं एक सापळा आहे. संयोग निधी म्हणून गरीब देशांसाठी वेगळा निधी असतो, त्यातली आयर्लंडची मदत २००४ पासून बंद झाली, तारीख तीच, पण कारण वेगळं. त्या निधीची रेष ९० टक्क्यांची होती आणि आयर्लंड नव्वदच्या दशकात खरोखरच वाढून तिच्या वर गेला होता, नवे आले म्हणून नव्हे. त्यामुळं मदत बंद झालेली दिसली की लगेच विस्ताराच्या नावावर टाकू नका. आधीच्या सभासदांची सरासरी काढा, नव्यांसकट काढा, आणि देश दोन्ही रेषांच्या वर आहे की फक्त एकीच्या ते बघा. युरोस्टॅटच्या (युनियनचं आकडेवारीचं खातं) साइटवर आकडे फुकट मिळतात आणि कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये असतोच. भाच्यानं हे माझ्यासमोर पंधरा मिनिटांत केलं, त्यातली पाच मिनिटं डेअरीच्या वायफायनं खाल्ली.

मतांकडं या आता. सगळे लिहितात की सभासद वाढले की छोट्याच्या मताची किंमत घटते. ऐकायला बरोबर वाटतं, पण मोजून बघायचं असतं. लक्झेंबर्गचं घ्या. १९५८ ला मंत्रिपरिषदेत, म्हणजे देशोदेशीचे मंत्री बसून ठराव करतात तिथं, मतं अशी वाटली होती, जर्मनी, फ्रान्स, इटली प्रत्येकी ४, बेल्जियम आणि नेदरलँड्स प्रत्येकी २, लक्झेंबर्ग १. एकूण १७ आणि ठराव पास व्हायला १२ लागायची. लोकसंख्येच्या मानानं लक्झेंबर्गला एक मत म्हणजे चैनच. पण ते मत कधी निर्णायक ठरेल? बाकीच्यांची बेरीज बरोबर ११ वर अडकली तर. आता ४, ४, ४, २, २ यातली कुठलीही मतं घेऊन ११ करून दाखवा. सगळे सम आकडे हो, ११ येणारच नाहीत. म्हणजे आयोगानं (युनियनचा कारभार बघणारी संस्था) मांडलेल्या प्रस्तावांवर तब्बल पंधरा वर्षं लक्झेंबर्गच्या मताला किंमत शून्य, हात वर केला काय आणि खिशात ठेवला काय. (इतर काही विषयांत किमान चार देशांची वेगळी अट होती, तिथं त्याला थोडा भाव होता.)

१९७३ ला तीन देश वाढले आणि मतं नव्यानं वाटली. चार मोठ्यांना १०-१०, बेल्जियम-नेदरलँड्सला ५-५, आयर्लंड-डेन्मार्कला ३-३, लक्झेंबर्गला २. एकूण ५८, पास व्हायला ४१. चारही मोठे एकत्र आले की होतात ४०. एक कमी! आता लक्झेंबर्गला घ्या, ४२, ठराव पास. म्हणजे सतरात एक मत असताना जो कुणाच्या खिजगणतीत नव्हता त्याला अठ्ठावन्नात दोन मतं घेऊन भाव आला. वाटा कमी झाला आणि वजन वाढलं. आपल्याकडं नगरपालिकेत काठावरचं बहुमत असलं की एक अपक्ष अडीच वर्षं सगळ्यांना कसा नाचवतो ते आठवा, म्हणजे लगेच पटेल.

याचा उलटा निष्कर्षही काढू नका बरं का, की विस्तारानं छोट्याची ताकद वाढतेच. सांगायचंय एवढंच की टक्केवारी लिहून थांबू नका, जोड्या लावून बघा. आजचा नियम २०१४ पासून असा की ठरावाला ५५ टक्के देश पाहिजेत, म्हणजे सत्तावीसपैकी १५, आणि त्या देशांत मिळून संघाची ६५ टक्के लोकसंख्या पाहिजे. ठराव अडवायचा असेल तर ३५ टक्क्यांच्या वर लोकसंख्या आणि किमान चार देश. जर्मनी, फ्रान्स, इटली या तिघांचीच लोकसंख्या ३५ च्या बरीच वर जाते, तरी तिघांना अडवता येत नाही, चौथा लागतोच, आणि तो चौथा माल्टासुद्धा चालतो. आता तुमच्या छोट्या देशाला कुठल्या तिघांबरोबर बसायला आवडेल ते लिहा, झालं मतांचं प्रकरण.

करासारखे काही विषय अजून एकमतानंच ठरतात, तिथं छोटा आणि मोठा सारखाच. आयर्लंडनं कंपन्यांवरचा साडेबारा टक्के कर इतकी वर्षं टिकवला तो त्यामुळंच. पण देश वाढले की एकमत होणं अवघड होतं, मग मोठे म्हणायला लागतात की एकमताची अट काढून टाका, आणि छोट्याची खरी भीती ती. नवा आला याची नव्हे, तो आला या कारणावरून नियम बदलतील याची. आयोगात प्रत्येक देशाचा एक माणूस असतो, तो कमी करायचं ठरलं होतं. २००८ ला आयर्लंडनं युनियनच्या कारभाराचे नियम बदलणारा लिस्बन करार सार्वमतात नाकारला, तेव्हा प्रत्येकाचा एक माणूस राहील असं कबूल केलं आणि २००९ ला आयर्लंडनं हो म्हटलं.

माणसांच्या येण्याजाण्यावर पोरं सगळ्यात जास्त लिहितात आणि सगळ्यात कमी बघतात. २००४ ला जुन्या पंधरांपैकी फक्त तिघांनी नव्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडलं, आयर्लंड, ब्रिटन आणि स्वीडन. बाकीच्यांना दोन, मग तीन, मग दोन अशी मिळून सात वर्षं दार लावून ठेवायची सवलत होती, जर्मनी आणि ऑस्ट्रियानं ती २०११ पर्यंत पुरेपूर वापरली. आयर्लंडमध्ये तेव्हा बेकारी पाच टक्क्यांच्या आत, बांधकामं जोरात, माणूस मिळत नव्हता. २००६ च्या जनगणनेत तिथं पोलंडचे ६३,२७६ नागरिक होते, २०११ ला १,२२,५८५. मधल्या काळात २००८ ची मंदी येऊन गेली, बांधकाम आपटलं, बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचली, तरी आकडा दुप्पट. आलेली माणसं काम गेलं की आपोआप परत जातील असं जे गृहीत धरतात ते आयर्लंडमध्ये झालं नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत बिहार-ओडिशाची पोरं दहा-दहा वर्षं आहेत, खोल्या घेऊन राहिलीत, पोरं इथल्या शाळेत मराठीत कविता म्हणतात, त्यामुळं आपल्याला यात नवल वाटायला नको.

पण यातही वाईट बाजू कुठं टोचली ते शोधा. २००५ ला आयरिश फेरीज या जहाज कंपनीनं ५४३ खलाशांच्या जागी पूर्व युरोपातली कमी पगाराची एजन्सीची माणसं घ्यायचं काढलं आणि डब्लिनमध्ये डिसेंबरात मोठा मोर्चा निघाला. दोन वर्षांनी बल्गेरिया-रोमानिया आले तेव्हा त्याच आयर्लंडनं दार लावून घेतलं, ते २०१२ ला उघडलं. म्हणजे पहिल्या विस्ताराला देश कसा वागला आणि दुसऱ्याला कसा, ही तुलना केली की परिणाम आपोआप सापडतो, वेगळी थिअरी लागत नाही.

कारखाने उठून जातात का? जातात. आयर्लंडमधल्या लिमरिकचं, डेल या कॉम्प्युटर कंपनीचं उदाहरण सगळ्यांना पाठ पाहिजे. जानेवारी २००९ मध्ये कंपनीनं सांगितलं की कॉम्प्युटर जुळवायचं काम पोलंडमधल्या वूचला नेणार, लिमरिकमधल्या १,९०० नोकऱ्या जाणार. मग त्याच वर्षी युनियननं दोन गोष्टी केल्या. एका हातानं नोकरी गेलेल्यांच्या ट्रेनिंगसाठी १ कोटी ४८ लाख युरो मंजूर केले आणि दुसऱ्या हातानं पोलंड सरकारला त्या नव्या कारखान्यासाठी कंपनीला ५ कोटी ४५ लाख युरोची मदत द्यायला परवानगी दिली. हे वाचून भाचा म्हणाला मामा हे काय. म्हटलं काय म्हणजे, युनियन.

पण प्रत्येक बंद कारखान्यावर हेच लेबल लावू नका. पोर्तुगालमध्ये अझांबुजाला ओपेलचा गाड्यांचा कारखाना होता, २००६ च्या शेवटी बंद झाला, आणि कुणीही म्हणेल की गेला असेल पोलंड-स्लोव्हाकियाला. गेला शेजारच्या स्पेनमध्ये, सारागोसाला. तो स्पेन पोर्तुगालबरोबर एकाच दिवशी, १ जानेवारी १९८६ ला, आत आलेला. तिथल्या कापड धंद्याचंही तसंच. २००४ नंतर गिरण्या अडचणीत आल्या खऱ्या, पण १ जानेवारी २००५ ला जगभरचा कापडाचा कोटा उठला आणि चीनचा माल सुटला. इचलकरंजीत तेव्हा यंत्रमागाला बरे दिवस येणार म्हणून लोक वाट बघत होते, आणि पोर्तुगालात त्याच तारखेला लोकांच्या पोटात खड्डा. म्हणून एक नियम लावून घ्या, विस्ताराच्या आगंमागं दोन वर्षांत दुसरं काय काय घडलं त्याची यादी आधी, आणि दोष कुणाचा ते नंतर.

आता माझ्या टँकरकडं येतो. जुन्या छोट्या सभासदाची सगळ्यात मोठी ताकद कधी असते? नवा आत यायच्या आधी. नवा घ्यायला प्रत्येक जुन्याची मान्यता लागते, म्हणजे तेवढ्यापुरता माल्टा आणि जर्मनी एका पंगतीत. स्लोव्हेनिया बघा, लोकसंख्या वीस लाख. क्रोएशियाशी त्यांचा पिरानच्या खाडीवरून सीमेचा वाद. डिसेंबर २००८ ला स्लोव्हेनियानं क्रोएशियाची बोलणी अडवून धरली आणि सप्टेंबर २००९ पर्यंत सोडली नाहीत, जोवर वाद लवादाकडं द्यायला क्रोएशिया तयार होत नाही तोवर. क्रोएशिया २०१३ ला आत आला. लवादाचा निकाल २०१७ ला लागला, बराचसा स्लोव्हेनियाच्या बाजूनं, आणि क्रोएशिया म्हणाला आम्ही मानत नाही. स्लोव्हेनिया युनियनच्या कोर्टात गेला, कोर्टानं २०२० ला सांगितलं हा आमच्या अधिकारातला विषय नाही. सभेत का बोलला नाही असं त्यांना कुणी म्हणू शकत नाही, ते बोलले होते, फक्त सही घेतली आणि अंमल नंतरवर सोडला.

ग्रीसनं हुशारी केली. स्पेन-पोर्तुगाल येणार म्हणजे ऑलिव्ह तेल, द्राक्षं, संत्री सगळा तोच माल येणार, म्हणून त्यांचे पंतप्रधान पापांद्रेऊंनी १९८४ च्या शेवटाला सांगितलं की भूमध्यसागरी भागांसाठी वेगळे पैसे ठेवा नाहीतर आम्ही अडवू. १९८५ ला खास कार्यक्रम मंजूर झाला, मगच १९८६ ला ते दोघं आत. पैसे आधी, टाळ्या नंतर. आयर्लंडनंही २००१ ला विस्ताराची तयारी म्हणून केलेला नीसचा करार सार्वमतात पाडला (मतदान ३५ टक्क्यांच्या आसपासच झालं होतं, ते वेगळं), आपल्या लष्करी तटस्थतेबद्दल लेखी घेतलं आणि २००२ ला ६३ टक्क्यांनी पास केला. त्यामुळं तुमच्या उत्तरात एक परिच्छेद ठेवा, देशानं दार उघडायच्या आधी काय मागितलं, काय मिळालं, आणि मिळालं ते दार उघडल्यावरही टिकणारं होतं का. पैसे टिकतात, सात वर्षांची मुदत टिकते, नुसतं आश्वासन टिकत नाही.

युरोप सोडून दुसरी युनियन घेतली तर यातल्या निम्म्या पायऱ्या गळतात. आग्नेय आशियातल्या आसियानमध्ये सगळं सहमतीनं, मतं मोजायचीच नाहीत आणि मोठा विकासनिधीही नाही, त्यामुळं २०२५ ला तिमोर-लेस्ते अकरावा म्हणून आला तर ब्रुनेईचा हिशोब फक्त व्यापाराचा. पूर्व आफ्रिका समुदायात २०२२ ला काँगो आला, तिथं रवांडासारख्या जुन्या छोट्या सभासदाला बाजारापेक्षा भांडणच जास्त पदरात पडलं. २०२५ च्या जानेवारीत एम-२३ बंडखोरांनी (त्यांच्यामागं रवांडा असल्याचा आरोप आहे) काँगोतलं गोमा शहर घेतलं तेव्हा काँगो आणि रवांडा दोघंही एकाच समुदायाचे सभासद होते.

आणि पुढचं लिहायचं असेल तर युक्रेन. जून २०२२ ला उमेदवारी मिळाली, जून २०२४ ला बोलणी सुरू झाली. शेतजमीन ४ कोटी हेक्टरच्या वर, म्हणजे धान्याचं कोठार आत येणार. २०२३ ला पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकियानं युक्रेनच्या धान्यावर आपल्या आपणच बंदी घातली. यातला स्लोव्हाकिया, ५४ लाखांचा, २००४ ला ज्याला बघून पोर्तुगालला घाम फुटला होता तोच. शिवाय २००४ ला जुन्यांनी नव्या शेतकऱ्यांचं थेट अनुदान २५ टक्क्यांपासून चालू केलं आणि पूर्ण १०० टक्के द्यायला २०१३ उजाडलं, त्या वेळी स्लोव्हाकियाचे शेतकरी याच्यावर ओरडत होते. आता अशीच गाळणी युक्रेनला लावायची का हे ठरवायला तेच टेबलाच्या अलीकडं बसलेत. साखरेचंही बघा, २०२४ ला युनियननं युक्रेनची साखर, अंडी, कोंबडी ठरावीक मर्यादेच्या वर आली की आपोआप ब्रेक लागेल अशी सोय केली. साखरेवर ब्रेक म्हटल्यावर डेअरीत बसलेले दोन ऊसवाले पहिल्यांदा आमच्या बोलण्यात घुसले आणि मग आठ वाजेपर्यंत एफआरपीचीच (उसाच्या दराची) चर्चा चालली.

भाच्यानं शेवटी स्लोव्हाकियाच धरला, २००४ ला नवा म्हणून एक कागद आणि युक्रेनच्या वेळी जुना म्हणून दुसरा कागद, दोन्ही शेजारी ठेवून. सरासरीचा तक्ता त्यानं आमच्या फॅटच्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर केला, तो मी फाडू दिला नाही, फोटो काढून घे म्हटलं.